सोनूबाईच्या अंगठ्याचं नख

ज्येष्ठ सरत आला की गावातल्या बाया उजव्या अंगठ्याचं नख कापायचं थांबवत. बदनापूरच्या पल्याडच्या त्या दोन-चार गावांत ही खूणच होती. जिचं नख वाढलेलं दिसतंय, ती यंदा प्लॉटवर जाणार. जालन्याच्या बियाणं कंपन्या तिकडच्या शेतकऱ्यांना कपाशीचे सीड प्लॉट देत, आणि त्या प्लॉटवरचं सगळं नाजूक काम या नखाचं असे. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी ओळखायची, तिच्या बुडाशी नख रोवायचं आणि एका हलक्या पिळाने पाकळ्यांसकट आतले परागाचे तुरे काढून घ्यायचे. मधली पांढरी काडी तेवढी उभी राहिली पाहिजे; तिला ओरखडासुद्धा पडता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळलं की नराच्या ओळीतलं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं आणि देठाला सूत बांधायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणत.

सोनूबाईचं नख त्या भागात माहीत होतं. ती अप्पारावांच्या प्लॉटवर पहिल्या पातीला असे. पात म्हणजे एकेका बाईने धरलेली ओळ. पहिली पात जिची, तिच्या चालीने बाकीच्या बाया चालत. कंपनीचे साहेब आले की अप्पाराव त्यांना आधी तिच्याकडे घेऊन येत. "साहेब, हे काम बघा," ते म्हणत. सोनूबाई मान वर करत नसे. तिच्या हातून कळी सुटी होई ती जणू स्वतःच्या मर्जीने.

तिच्या शेजारची पात गोजरबाईची. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या होत्या, दोघींच्या घरांना मधली भिंत एकच होती. गोजरबाईचं नख दांडगं, पण हात उतावळा. तिच्या कळ्या फाटत.

"नख दाबू नको," सोनूबाई तिचं मनगट धरून सांगायची. "नख नुसतं ठेव, आन मनगट फिरव."

"तुव्हं मनगटच कापून दे मला," गोजरबाई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

थकवा नेमका कधी आला, हे सोनूबाईला सांगता आलं नसतं. ताप येतो तसा तो आला नाही. पाहुण्यासारखा आला, ओसरीवर बसला आणि मग घरातलाच झाला. आधी ती विहिरीवरून भरली घागर आणताना चढावरच्या दगडाला टेकू लागली. मग रिकामी घागर घेऊन जातानाही टेकू लागली. भाकरी थापता थापता हात परातीत तसाच राहायचा आणि तव्यावरची करपायची. झोपून उठलं की झोपण्याआधीपेक्षा अंग जड लागायचं. चार पावलं भराभर टाकली की कानांत जातं फिरायला लागायचं. आणि एक चमत्कारिक वासना लागली होती. पावसाने भिजलेल्या मातीच्या भिंतीचा वास आला की तिच्या तोंडाला पाणी सुटे. धाकट्या लेकीच्या दप्तरातल्या पाटीवरच्या पेन्सिली ती चोरून खाई. लेक रडायची, "माझी पेन्सील कोनी नेली?" आणि सोनूबाई तिच्यासोबत घरभर पेन्सील शोधायची.

तिसऱ्या बाळंतपणानंतर शिबिरात तिचं ऑपरेशन झालं होतं. "ऑपरेशनच्या बाया अशाच व्हत्यात," सासरची माणसं म्हणत. "ताकदच ऱ्हात न्हाई." पाणवठ्यावर कुणी हळूच म्हणे, "ताकदीचं काय न्हाई माय, पहिल्या पातीची मिजास हाय ती." हे ऐकू आलं की सोनूबाई आणखी जोराने धुणं आपटायची आणि घरी येऊन आणखी थकायची. हळूहळू तिला स्वतःलाच वाटू लागलं की आपल्या अंगात आळस भरलाय. सकाळी उठताना ती स्वतःला शिव्या देई.

तिचा नवरा तातेराव वाईट माणूस नव्हता. तो तिला सायकलवर मागे बसवून बदनापूरला न्यायचा, स्टँडजवळच्या डॉक्टरकडे. डॉक्टर नाडी बघायचा, "विकनेस आहे" म्हणायचा आणि सलाईन लावायचा. तातेराव तिच्या पायाशी स्टुलावर बसून बाटलीकडे एकटक बघत राही, विहिरीला पाणी चढताना बघावं तसा. "उतरून राह्यलं बराबर," तो मधून मधून म्हणे. बाटली संपली की तो तिला उसाचा रस पाजायचा. एक-दोन दिवस बरं वाटे, किंवा त्याच्यासाठी ती बरं वाटून घेई. मग पुन्हा तेच. डॉक्टरने कधी काही विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तरी तातेराव समोर बसलेला असताना ती बोलली नसती.

कारण सांगण्यासारखी एक गोष्ट होती, आणि तीच सांगण्यासारखी नव्हती. सोनूबाईची पाळी थांबेनाशी झाली होती. पूर्वी चार दिवसांत सरायची, ती आता पंधरवडा पंधरवडा चालायची. जरा थांबलं म्हणावं, तोवर पुन्हा सुरू.

अप्पारावांच्या आईला सगळं गाव जिजी म्हणे. जिजींचा नेम होता की दूर असलेल्या, म्हणजे पाळी चालू असलेल्या बाईने प्लॉटात पाय ठेवायचा नाही. तिची सावली पडली की कळी गळते. कंपनीचे साहेब हसत, पण अप्पाराव आईपुढे बोलत नसत. रोज दुपारी जिजी शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या तोंडाशी, काठी टेकून उभ्या राहत आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला विचारत, "बरी हाईस ना?" या विचारण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. "बरी हाय, जिजी," म्हणत बाया आत जात.

महिन्याचे चार दिवस बसणं कुणालाही चालून जाई. अर्धा महिना बसणारीची पात दुसरीकडे जाते. आणि ती पात गेली तर सोनूबाईजवळ आपलं म्हणावं असं काय उरणार होतं? जमीन तातेरावाच्या नावावर, घर सासऱ्याचं. नख तेवढं तिचं. म्हणून ती धुऱ्यावर रोज मान खाली घालून म्हणायची, "बरी हाय, जिजी."

हे फक्त गोजरबाईला कळलं. एके दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या आड, सोनूबाई एकटीच कपडे धूत होती. गोजरबाई सरपण वेचत तिथे आली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली.

"गेल्या हप्त्यात बी तू इथंच व्हतीस. तुला सरतच न्हाई का गं?"

सोनूबाईने ओल्या हाताने तिचा पदर धरला. "कुनाला सांगू नको, गोजरे. पात जाईन माझी."

"म्या कशाला सांगू? तुव्हं ते माझंच." गोजरबाईने सरपण खाली ठेवलं, पदर खोचला आणि कपडे पिळू लागली.

त्या दिवसापासून गोजरबाई स्वतःची पात लवकर आटपून गुपचूप सोनूबाईच्या पातीतल्या शेवटच्या झाडांच्या कळ्या सोलून देई. सोनूबाईला वाटे, आपल्याला बहीण नाही ते बरंच झालं. असती तरी हिच्याइतकी नसती.

दोन मोसम असे निघाले. पण आता नखच दगा देऊ लागलं होतं. आधी ते पातळ झालं, मग चपटं पडलं, आणि मग मधे खोल जाऊन कडांनी वर उचललं गेलं. कळीच्या बुडाशी रोवलं की वाकायचं. सोनूबाईने एकदा ब्लेडचा तुकडा वापरून पाहिला, तर काडीवर चरे पडले. "म्हातारं झालं का काय नख?" गोजरबाई हसून म्हणाली. सोनूबाई तेव्हा पस्तिशीतही नव्हती.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं साल असेल. पोळ्याच्या आधी पावसाने ओढ दिली आणि मग एकदम झड लागली. पाऊस उघडला तेव्हा अप्पारावांच्या प्लॉटात झाडांखाली कळ्यांचा सडा पडला होता. कंपनीचे साहेब येऊन बघून गेले. "पातेगळ आहे," ते म्हणाले. "पाणी ताणलं आणि मग एकदम मिळालं. सगळ्याच प्लॉटांत आहे." जिजींनी ते ऐकून घेतलं आणि साहेबांची जीप वळल्यावर अप्पारावांना म्हणाल्या, "बायांना बलाव. भंडारा उचलू दे."

निंबाखाली पितळी ताटात खंडोबाचा भंडारा ठेवला होता. बाया ओळीने उभ्या राहिल्या. पुरुष माणसं जरा लांब, बैलगाडीपाशी. त्यांत तातेरावही होता. प्रत्येकीने चिमूटभर भंडारा उचलायचा आणि एवढंच बोलायचं: म्या दूर असताना प्लॉटात गेले न्हाई. बाया एकेक करून पुढे होत होत्या, बोलत होत्या, हात कपाळाला पुसत होत्या.

सोनूबाई गोजरबाईच्या मागे होती. तिने मनाशी ठरवलं होतं. खोटं बोलायचं, आणि मग एकटीने जाऊन देवापुढे नाक घासायचं. देव ऐकून घेईल. जिजी घेणार नाहीत.

गोजरबाईने चिमूट उचलली. "म्या दूर असताना प्लॉटात गेले न्हाई."

तिचं झालं होतं. जिजींची नजर पुढे सरकलीसुद्धा होती. पण गोजरबाई जागची हलली नाही.

"म्या गेले न्हाई," ती पुन्हा म्हणाली. "पन कोन जातंय, ते मला ठावं हाय."

तिने नाव घेतलं नाही. ती नुसती बाजूला झाली, आणि तिच्या आडोशाला उभी असलेली सोनूबाई सगळ्यांसमोर उघडी पडली.

"सोनू?" जिजी म्हणाल्या. "पहिल्या पातीची? उचल भंडारा."

सोनूबाईचा हात वर गेला नाही. तिच्याजवळचं खोटं एका बाईच्या गप्प राहण्यावर उभं होतं. तिने बैलगाडीकडे पाहिलं. तातेराव बैलाच्या गळ्यातली घुंगरं सरळ करत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पातीला गोजरबाई उभी होती.

घरात तातेराव आधी जेवला. हात धुतल्यावर म्हणाला, "भंडाऱ्याचं ऱ्हाऊ दे. मला का न्हाई सांगितलंस?"

"बायांचं असतंय ते. तुम्हाला काय सांगू?"

"एवढ्या बाटल्या चढवल्या तुला. उपाशी बसून बाटलीकडं बघत राह्यलो म्या. आन तू मला येड्यात काढून राह्यलीस?" त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. त्यानंतर कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. भिंतीपलीकडून गोजरबाईच्या भांड्यांचा आवाज येई, आणि सोनूबाई पांघरूण डोक्यावर ओढून पडून राही. दमून पडण्यासाठी आता कारण सांगायची गरज राहिली नव्हती. एकच गोष्ट ती मनात उलटसुलट करत बसे. शपथ ज्याची त्याची होती. गोजरेला दुसरीचं कुणी विचारलंच नव्हतं.

गावात लसी टोचायला येणारी नर्स सत्यशीला सिस्टर सरळ तिच्या दारात आली, तेव्हा सोनूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती आणि निवडता निवडता कच्चेच खात होती. ही गोष्ट गावाबाहेर जाऊ नये असं जिला वाटत होतं, तिचीच गोष्ट सगळ्या गावांत फिरून सिस्टरपर्यंत पोचली होती.

"किती दिवस चालून राह्यलंय असं?" सिस्टरने आडपडदा न ठेवता विचारलं.

सोनूबाईने दाराकडे पाहिलं. लपवायला काही उरलं नव्हतं. तिने सांगितलं.

सिस्टरने तिची खालची पापणी ओढून पाहिली, आणि मग हात हातात घेतला. "हे नख कवापास्नं असं?"

"प्लॉटात झिजलं, माय."

"झिजलेलं नख असं न्हाई होत." सिस्टरने तांब्यात बोट बुडवलं आणि पाण्याचा थेंब त्या नखावर सोडला. थेंब ओघळला नाही. वाटीत बसावा तसा नखात बसून राहिला. "बघ. अंगातलं रक्त आटलं की नख असं व्हतंय. आळशी न्हाईस तू, बाई. रिकामी झालीस."

सोनूबाई त्या थेंबाकडे बघत राहिली. तिला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी स्वतःला घातलेल्या शिव्यांचं होतं.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर सोबत आली. तातेरावही आला, पॅसेंजरमध्ये मात्र दुसऱ्या बाकावर बसला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि दोघांनाही समोर बसवलं. गर्भाशयात गाठ होती. रक्त जात होतं ते तिच्यामुळे. "सलाईन म्हणजे मिठाचं पाणी," त्या तातेरावाला म्हणाल्या. "बुडाला भोक पडलेल्या घागरीत तुम्ही वरून पाणी ओतत होतात." मग सोनूबाईकडे वळून म्हणाल्या, "माती खाता का? खडू, पेन्सील?"

सोनूबाईने पदर तोंडावर ओढला.

"लाजू नका. रक्त कमी झालं की होतं असं."

"पेन्सिली तू खात व्हतीस?" तातेराव म्हणाला. "म्या त्या लेकराला हरवती म्हनून मारलं!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला. हसता हसता त्याने टोपी काढून डोळ्यांवर दाबली.

आधी रक्त चढवलं, मग दिवाळीनंतर ऑपरेशन करून पिशवी काढली. पुढे कितीतरी महिने लोहाच्या गोळ्या. गोळीवर चहा घ्यायचा नाही, लिंबू पिळलेलं पाणी घ्यायचं, हे तातेरावाने असं मनावर घेतलं की सकाळी तोच कपबशी उचलून ठेवी. सोनूबाईला वाटलं होतं, घाव भरला की थकवा जाईल. तो गेला नाही. त्याला आला होता तसंच हळूहळू, पाऊल पाऊल जायचं होतं. "थकल्यावर बसू नको," सिस्टर सांगायची. "थकायच्या आधी बस." हे सगळ्यांत अवघड होतं. धडधाकट दिसणारी बाई दिवसाउजेडी नुसती बसते, हे गावाला दाखवायचं म्हणजे आणखी एकदा निंबाखाली उभं राहायचं. तरी ती शिकली. घागर अर्धीच भरायची. भाकरी दोनदा बसून करायच्या, एका दमात नाही. चांगला दिवस आला की सगळं काम त्याच दिवशी उरकायचा मोह टाळायचा, कारण त्याचा सूड पुढचे दोन दिवस घेत. आपलं अंग तिला नव्याने ओळखीचं होत होतं. विश्वास मात्र बसत नव्हता. जे इतकी वर्षं आतल्या आत आपल्याला सोडून चाललं होतं, त्याच्यावर कसा बसेल?

ज्येष्ठात तिने नख कापलं नाही. ते सरळ आलं, घट्ट आणि गुलाबी.

जिजींनी स्वतः निरोप धाडला. "सोनूला म्हनावं, ये. पिशवी काढली, आता तिचं काय भ्याव न्हाई." सोनूबाईने निरोप ऐकून घेतला. तीच बाई, तेच हात. पण आता ती कुणाला बाधणार नव्हती. ती गेली, कारण नख तिचं होतं.

धुऱ्यावर गोजरबाई तिची वाटच बघत होती. "ये गं सोनू. तुव्ही पात तू धर, म्या शेजारची धरते. पहिल्यावानी." सोनूबाई पातीला लागली. कळीच्या बुडाशी नख ठेवलं, मनगट फिरवलं. हात विसरला नव्हता. शेजारी गोजरबाईचा हातही तसाच फिरत होता, अगदी तसाच. जणू तिने खरंच ते मनगट कापून नेलं होतं.

"राग हाय का अजून?" बऱ्याच वेळाने गोजरबाई म्हणाली. "म्या बोलले म्हनून तर वाचलीस. न्हाईतर मेली असतीस बाटल्या लावून लावून."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते बोचलं.

"भंडारा हातात व्हता, गोजरे," ती म्हणाली. "खोटं बोलायचं भ्याव वाटलं असंल तुला. म्या तेवढंच समजून घेतलंय."

गोजरबाई फिसकन हसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भ्याव कशाचं? म्या दर साली येऊन राह्यले तशीच. कवा बसले? आज बी दूर हाय म्या. जिजीचं कोन ऐकतंय!"

सोनूबाईच्या नखाखालची कळी चुरगळली. पांढरी काडी मोडून तिच्या तळहातावर पडली.

"त्या दिशी?"

"त्या दिशी बी." गोजरबाईचे हात थांबले नव्हते. "म्हातारी लई रोखून बघून राह्यल्ती माझ्याकडं. काय करनार व्हते? कोनावर तरी जायाचंच व्हतं. कुनाला सांगू नको हं."

मोडलेली कळी सोनूबाईने मातीत टाकली आणि पुढच्या झाडाकडे गेली. थोड्या वेळाने, थकायच्या आधी, ती बांधावर जाऊन बसली. गोजरबाईने तिथे पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो तसाच राहिला.

संध्याकाळी बाया बाहेर पडताना जिजी धुऱ्यावर होत्या. त्यांनी काठीने सोनूबाईला थांबवलं. "सोनू, आज पुन्यांदा पातीखाली कळ्या दिसून राह्यल्या मला. तू बरी हाईस, ते ठावं हाय. तुव्ही जोडीदारीन बरी हाय का?"

गोजरबाई मागेच उभी होती. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"माझं मला ठावं, जिजी," सोनूबाई म्हणाली. "तिचं तिला इचारा."

एवढंच बोलायचं असतं, हे तिने मागे वळून सांगितलं नाही.

चढावरच्या दगडापाशी आल्यावर ती सवयीने टेकली. छाती धडधडत नव्हती, कानांत जातं फिरत नव्हतं. ती थकली नव्हती. खाली ओढ्याच्या वरच्या अंगाची बाभूळ दिसत होती. मग चढावर ओळखीच्या बांगड्यांचा आवाज आला, "सोनू, थांब गं," अशी हाक आली. सोनूबाई उठली, पदर सारखा केला आणि घराकडे चालू लागली.